भात सोडूनही वजन का उतरत नाही? रोजच्या साध्या सवयींविषयी

प्रश्न: माझे वय ४१, उंची १५५ सेंटीमीटर आणि वजन ७१ किलो आहे. राहायला डोंबिवलीला, नोकरी फोर्टमध्ये. गेल्या सहा वर्षांत नऊ किलो वजन वाढले. पहाटे साडेपाचला उठून चौघांचे डबे करते. घरी परतायला पावणेआठ आणि झोपायला पावणेबारा होतात. रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेते, भात पूर्ण बंद केला आहे, सोमवार आणि संकष्टी करते. संध्याकाळी घरी आल्यावर थोडे काहीतरी तोंडात टाकते, पण जेवण मोजकेच आहे. जिमला जायला वेळ नाही. रोज पाळता येतील अशा साध्या सवयी सांगाव्यात.

उत्तर: तुम्ही सकाळच्या पाण्याविषयी लिहिले आहे, भाताविषयी लिहिले आहे, उपवासांविषयी लिहिले आहे, मात्र दुपारच्या जेवणापासून रात्री झोपेपर्यंतच्या दहा-अकरा तासांवर एकच वाक्य आहे, आणि त्यातही ‘थोडे काहीतरी’ एवढेच. आहारतज्ज्ञ म्हणून मुंबईत आणि उपनगरांत काम करताना मला हे वाक्य जवळजवळ प्रत्येक नोकरदार बाईकडून ऐकायला मिळते, आणि बहुतेक वेळा वाढलेल्या वजनाचे उत्तर तिथेच सापडते. त्यामुळे सवयींची सुरुवात सकाळी न करता संध्याकाळी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी आकडे पाहू. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, साडेएकोणतीसच्या आसपास येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे युरोपीय लोकांपेक्षा कमी वजनावरच पोटाभोवती चरबी साठते आणि तिच्या मागून मधुमेह येतो. या हिशेबाने तुमच्या उंचीला ६० किलो ही लठ्ठपणाची सीमा ठरते. पण एकदम ६० वर नजर ठेवू नका. आहे त्या वजनाच्या पाच टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेतीन किलो उतरले, तरी रक्तातली साखर, रक्तदाब आणि यकृतातली चरबी यांच्यात फरक दिसू लागतो. दहा टक्के, म्हणजे सात किलो उतरले, तर तो फरक चांगलाच जाणवतो. वर्षभरात सहा-सात किलो हे तुमच्यासारख्या दिनक्रमात साधण्याजोगे उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी रोजच्या खाण्यातून साधारण तीनशे कॅलरी कमी व्हाव्या लागतात, कायमच्या.

तीनशे हा आकडा मोठा वाटत असेल, तर सहा वर्षांतल्या नऊ किलोंचा हिशेब मांडून पाहा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. त्यामुळे या काळात तुमच्या अंगावर दिवसाला सरासरी तीस-पस्तीस कॅलरीच साठत गेल्या आहेत, म्हणजे दीड-दोन चमचे साखरेएवढ्या. तुम्ही अचाट खात होतात असे अजिबात नाही. मात्र वजन वाढले की ते वागवण्याचा शरीराचा रोजचा खर्चही वाढतो आणि खाणे हळूहळू त्या खर्चाला जाऊन मिळते. म्हणून चढताना तीस-पस्तीसने जे झाले, ते उतरवताना तीस-पस्तीसने होत नाही. वाढ इतकी सावकाश झालेली असते, की नेमके काय बदलले ते कुणालाच सांगता येत नाही, आणि मग दोष भाताच्या माथी मारला जातो.

आता संध्याकाळ. तुम्ही दीडच्या सुमारास डबा खाता असे धरू. साडेतीन-चारला चहा, सोबत कोणीतरी पुढे केलेली दोन बिस्किटे. सहाला ऑफिस सुटते, लोकलमध्ये बसायला मिळाले तर ठीक, नाहीतर सव्वा तास उभे. लेडीज डब्यात कुणाचा वाढदिवस असतो, कुणी चिक्की घेते, कुणाच्या पिशवीत गरम समोसे असतात, आणि नको म्हटले तर मैत्रिणीला वाईट वाटते. पावणेआठला घरात पाऊल टाकताना शेवटच्या धड जेवणाला सहा तास होऊन गेलेले असतात. खांद्यावरची पर्स अजून उतरलेली नसते आणि हात चिवड्याच्या डब्यात जातो. कुकर लावताना एक मूठ, कणीक मळताना दुसरी. भाजी चाखली, आमटी चाखली, पहिली गरम चपाती मुलाला वाढताना तिचा तुकडा आपल्या तोंडात गेला. दोन मुठी चिवडा म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम, आणि तेवढ्यात सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरी होतात. हे सगळे ओट्याशी उभ्याने, ताट न घेता होते, म्हणून जेवणात त्याची गणती होत नाही. मग दहाला ताटावर बसून दोनच चपात्या खाल्ल्या, की ‘जेवण मोजकेच आहे’ हे वाटणे खरेही असते.

यावर उपाय निग्रहाचा नाही, वेळेचा आहे. सहा तासांच्या भुकेपुढे कुणाचाही निग्रह टिकत नाही, आणि टिकावा अशी अपेक्षा धरणेही चूक. म्हणून ऑफिस सोडण्याआधी, साडेपाचच्या सुमारास, जागेवर बसून व्यवस्थित काहीतरी खा. सकाळी डबे भरतानाच एक छोटा डबा जास्त भरायचा. त्यात मूठभर भाजलेले चणे आणि एखादे फळ असू द्या. किंवा वाफवलेली मटकी, तीत कांदा-टोमॅटो आणि लिंबू. अंडी चालत असतील तर एक-दोन उकडलेली अंडी. तीस ग्रॅम चण्यांत शंभर-सव्वाशे कॅलरी असतात आणि पाच-सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. चिवड्यापेक्षा पोट कितीतरी जास्त वेळ भरलेले राहते. हे खाणे जास्तीचे नाही, पुढच्या अडीचशे कॅलरींच्या बदल्यात आहे, हे लक्षात ठेवा. ज्यांना मी फक्त एवढीच एक सवय लावायला सांगितली, त्यांच्यातल्या पुष्कळ जणींचे वजन बाकी काही न बदलता हलू लागल्याचे मी पाहिले आहे.

घरी आल्यावर दुसरी अडचण उभी राहते, ती रात्रीच्या जेवणाच्या वेळेची. रात्री आठनंतर खाल्लेल्या अन्नाची चरबीच होते, असा काही नियम नाही. पण जेवण जितके उशिरा, तितके त्याआधीचे चाखणे आणि कुरतडणे वाढते आणि झोप मागे सरकते. शक्य असेल तर आमटी किंवा उसळ सकाळीच जास्त करून ठेवा आणि घरी आल्यावर ती गरम करून साडेआठला जेवा. घरातले दहाला येत असतील, तर त्यांच्यासोबत ताकाचा पेला घेऊन बसता येते. सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी, उरलेले संपवत जेवायची आपल्याकडच्या बायकांची रीत वजनाच्या दृष्टीने फार महागात पडते. उरलेली अर्धी वाटी भाजी फ्रीजमध्ये ठेवावी आणि मुलाच्या ताटातली अर्धी चपाती टाकून द्यावी लागली, तर द्यावी. अन्न वाया घालवू नये हे मान्य. म्हणूनच चपात्या करतानाच दोन कमी कराव्यात.

भाताबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. शिजलेल्या भाताच्या एका वाटीत साधारण १३० ते १५० कॅलरी असतात आणि तेल लावलेल्या एका मध्यम चपातीत ११० ते १३०. भात सोडून त्याच्या जागी दीड चपाती जास्त खाल्ली, तर हिशेब जागच्या जागी राहतो, वर वरण-भाताचे समाधान गेले ते वेगळेच. भात सुरू करा. एका वेळी भात आणि चपाती मिळून किती घ्यायचे ते ठरवा: दोन चपात्या, किंवा एक चपाती आणि एक लहान वाटी भात. ताटाचा निम्मा भाग भाजी आणि कोशिंबिरीने भरावा, पावभागात वरण, उसळ, अंडी किंवा मासळी असावी आणि उरलेल्या पावभागात चपाती-भात यावा. आपल्या नेहमीच्या ताटात हे प्रमाण नेमके उलटे असते, भाजी एका कोपऱ्यात लोणच्याएवढी आणि चपात्यांची चळत मध्यभागी. काकडी, गाजर, मुळा किंवा कोबीची कोशिंबीर जेवणाच्या सुरुवातीलाच संपवली, तर पहिली भूक तिच्यावर भागते.

प्रथिनांकडे विशेष लक्ष द्या, कारण चपाती-भाजीच्या डब्यात ती फारच थोडी येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. वजन उतरवताना स्नायू झिजू नयेत म्हणून तुम्ही दिवसाला पंचावन्न-साठ ग्रॅम धरून चाला. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात पाच-सहा ग्रॅम आणि शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा-वीस ग्रॅम प्रथिने असतात. मासे खात असाल, तर शंभर ग्रॅम बांगड्यातही साधारण तितकीच मिळतात, आणि बांगडा पापलेटापेक्षा स्वस्त आहे. मासे कालवणात घाला किंवा तव्यावर चमचाभर तेलात परता. रवा लावून बुडत्या तेलात तळलेल्या मांदेलीबद्दल माझे मत वेगळे आहे, पण महिन्यातून एकदा माझीही हरकत नाही.

संध्याकाळच्या खालोखाल महत्त्वाचे आहे ते तेल. एक ग्रॅम चरबीत नऊ कॅलरी आणि एक ग्रॅम पिष्टात किंवा प्रथिनांत चार, एवढा साधा फरक आहे, पण तेल ताटात दिसत नाही म्हणून त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. एक मोठा चमचा तेल, म्हणजे १५ मिलिलिटर, जवळपास १२० कॅलरी. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, ऑलिव्ह, कोणतेही घ्या, आकडा तोच. ‘हलके तेल’ म्हणून जाहिरात केलेल्या डब्यातही त्यात फरक पडत नाही. साजूक तूप औषधी आहे म्हणून चपातीवर सढळ हाताने घालणाऱ्यांनीही हे वाचावे.

रोज चमचा मोजत बसणे कुणाला जमत नाही. त्यापेक्षा तेलाचा नवा कॅन फोडाल त्या दिवशी मार्कर पेनने त्यावर तारीख लिहा. चौघांच्या घराला महिन्याला दोन ते अडीच लिटर तेल पुरायला हवे, सणाचे तळण धरूनसुद्धा. पाच लिटरचा कॅन दोन महिने पुरला, तर उत्तम. तो पाच आठवड्यांत संपत असेल, तर पुढच्या वेळी सहा आठवडे पुरवायचा, मग सात. फोडणी पळीने ओतण्याची सवय असेल, तर कॅनमधले तेल लहान बरणीत काढून बरणीत चमचा ठेवा. एवढ्यानेसुद्धा खप खाली येतो, कारण पळी झुकली की किती पडले ते हाताला कळत नाही. नॉनस्टिक किंवा चांगल्या मुरलेल्या लोखंडी तव्यावर भाजी झाकण ठेवून, पाण्याचा हबका मारत शिजवली, तर निम्म्या तेलात होते. त्याच जोडीला शेंगदाण्याचे कूट आणि ओले खोबरे यांचाही विचार करा. ही दोन्ही आपल्या स्वयंपाकाची चव आहेत आणि ती सोडा असे मी म्हणणार नाही, पण प्रत्येक कोशिंबिरीत आणि प्रत्येक भाजीत दोन-दोन चमचे कूट पडत असेल, तर त्याच भाजीतले तेल तेवढे कमी व्हायला हवे.

सोमवार आणि संकष्टी तुम्ही श्रद्धेने करता. त्यात ढवळाढवळ करायचा मला अधिकार नाही. पण उपवासाने वजन उतरते, हा समज मात्र सोडून द्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नावालाही नसतात आणि चोथाही नसतो. एका माणसाच्या खिचडीत साठ-सत्तर ग्रॅम कोरडा साबुदाणा, दोन-तीन चमचे कूट, एखादा बटाटा आणि दोन चमचे तूप गेले, की ताट साडेचारशे-पाचशे कॅलरींचे होते, आणि दोन तासांनी पुन्हा भूक लागून बटाट्याचा चिवडा किंवा शेंगदाण्याचा लाडू येतो. संकष्टीला तर चंद्रोदय रात्री नऊच्या पुढेमागे. दिवसभर राहिलेली भूक तेव्हा वरण-भात, भाजी, चपाती आणि मोदकांवर एकदमच तुटून पडते. उपवासाच्या दिवशी भगर आणि दाण्याची पातळ आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दुधीची भाजी, काकडीची कोशिंबीर, ताक आणि एखादे फळ असा बेत ठेवा. हे सगळे बहुतेक घरांत उपवासाला चालते. संकष्टीला संध्याकाळी साडेपाचला ताक आणि फळ चुकवू नका, म्हणजे चंद्रोदयानंतर एका मोदकावर थांबता येईल. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असलेल्या वाचकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये, कारण काही औषधांमुळे उपाशी पोटी साखर धोकादायक खाली जाते.

लिंबू-मधाच्या पाण्याने चरबी वितळत नाही. आवडत असेल तर घ्या, पण मध म्हणजे साखरच, मोठ्या चमच्याला साठेक कॅलरी. मुळात तुमच्या दिवसात चहा किती आणि प्रत्येक कपात साखर किती, हे तुम्ही लिहिलेले नाही. चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे धरले, तर चाळीस ग्रॅम साखर आणि एकशे साठ कॅलरी होतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात सगळ्या पदार्थांतून मिळून पंचवीस ग्रॅमच्या आत साखर असणे चांगले मानते. साखर एकदम तोडली, तर तीन दिवसांत परत येते. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करा. दीड महिन्यात अर्ध्या चमच्यावर याल आणि मग ऑफिसच्या मशीनचा चहा तुम्हालाच पाकासारखा लागेल. साखरेऐवजी गूळ घातल्याने काही साधत नाही. ग्रीन टी, जिऱ्याचे पाणी, ॲपल सायडर व्हिनेगर यांवर पैसे खर्च करू नयेत, एवढेच म्हणेन.

चालण्याविषयी प्रश्न बहुधा ‘दहा हजार पावले हवीत ना?’ असा येतो. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या जाहिरातीतून रूढ झाला. त्यामागे वैद्यकीय सीमा अशी कोणतीही नव्हती. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे भरभर चालणे, एवढे पुरते. भरभर म्हणजे बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, अशा गतीने. ही मिनिटे तुमच्या प्रवासातच आहेत. सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत शेअर टॅक्सी घेत असाल, तर सकाळी ती सोडा. डबा खाल्ल्यावर दहा मिनिटे फोर्टच्या फुटपाथवर फिरून या, जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते. डोंबिवली स्टेशनाबाहेर रिक्षाच्या रांगेत उभे राहण्यात जितका वेळ जातो, तेवढ्यात चालत निघालात तर घर निम्मे जवळ येईल, आठवड्यातून तीन दिवस तरी तसे करा. रात्री जेवणानंतरची शतपावली आपल्या आज्यांनी उगाच सांगितलेली नाही. फक्त ती खरोखर शंभर पावलांवर थांबवू नका, दहा-पंधरा मिनिटे करा. पावसाळ्यात, म्हणजे मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत, हे सगळे कोलमडते. त्या काळात इमारतीचा जिना वापरा. गुडघे दुखत असतील, तर जिन्याने फक्त चढा आणि लिफ्टने उतरा.

चालण्याकडून वजनाबाबत फार मोठी अपेक्षा मात्र धरू नका. अर्धा तास चालून तुमच्या वजनाच्या व्यक्तीच्या साधारण १२० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. चालून आलो म्हणून वडापाव खाणाऱ्यांची दादरला शिवाजी पार्काभोवती रोज सकाळी गर्दी असते. उतरलेले वजन परत चढू नये यासाठी चालणे लागते, हृदयासाठी लागते, झोपेसाठी लागते. उतरवण्याचे काम मुख्यतः ताटातच व्हायचे असते. त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे स्नायूंचा व्यायाम. चाळिशीनंतर स्नायू कमी होत जातात आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास हा वेग वाढतो. आठवड्यातून दोन दिवस, पंधरा मिनिटे, घरातच करा: खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर, एक लिटर पाण्याच्या दोन बाटल्या डोक्यावर उचलणे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत खुर्चीची उठबस होऊन जाते. जिमची फी भरायची काहीच आवश्यकता नाही.

झोप हा तुमच्या दिनक्रमातला सर्वांत कठीण भाग आहे आणि तो मी सोपा करून सांगणार नाही. पावणेबारा ते साडेपाच म्हणजे पावणेसहा तास. झोप कमी पडली की भूक वाढवणारी संप्रेरके वर जातात आणि पोट भरल्याची जाणीव देणारी खाली येतात. दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेले जास्त खावेसे वाटते ते त्यामुळे. पहाटेचे उठणे डब्यांमुळे हलणार नाही, तर रात्रीच काही वाचवावे लागेल. साडेआठला जेवण झाले, तर अकराला अंथरुणात जाता येईल. भाज्या चिरणे, चणे भरणे आणि दुसऱ्या दिवशीची कडधान्ये भिजवणे ही कामे नवऱ्याकडे आणि मुलांकडे द्या. तुमच्या पत्रात चौघांचे डबे तुम्ही एकट्याच करता असे दिसते, आणि वजनाच्या प्रश्नात ही माहिती भातापेक्षा मोठी आहे.

वजन आठवड्यातून एकदाच करावे, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर. पाळीच्या आधी पाणी साठून किलो-दीड किलो जास्त दिसते. तो आठवडा विचारात घेऊ नका. पहिल्या पंधरवड्यात दोन किलो झपाट्याने उतरले, तर हुरळून जाऊ नका, त्यात बराच भाग पाण्याचा असतो. नंतर वेग मंदावला म्हणून खचूही नका. काट्यासोबत कंबरही मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप धरावा, श्वास सहज सोडलेला असावा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा आहे. महिनाभर काटा हलला नाही पण कंबर दोन सेंटीमीटरने उतरली, तर काम बरोबर चालले आहे.

हे सुरू करण्याआधी एकदा रक्ताच्या तपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल आणि यकृताच्या चाचण्या. पाळी अनियमित असेल, घोरणे असेल, दिवसा झापड येत असेल किंवा स्टेरॉइड, मानसिक आजारावरची काही औषधे वा इन्सुलिन सुरू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. या सगळ्यांचा वजनाशी संबंध असतो. थायरॉइड कमी असेल, तर त्याने थोडे वजन वाढते आणि गोळीने ते थोडे उतरते, पण नऊ किलोंचा सगळा दोष सहसा त्याच्यावर टाकता येत नाही.

वजनाच्या इंजेक्शनांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते, कारण २०२५ पासून टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही औषधे वजनासाठी भारतात उघडपणे मिळू लागली आणि ऑफिसात कोणीतरी ती घेत असतेच. ती परिणामकारक आहेत. साधारणतः बीएमआय ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि सोबत मधुमेह, रक्तदाब असे काही असेल, तर त्यांचा विचार होतो. तुम्ही काठावर आहात. मळमळ, बद्धकोष्ठता, क्वचित स्वादुपिंडाची सूज असे त्रास होतात आणि औषध थांबवले की बऱ्याच जणांचे वजन परत चढते. त्यामुळे तुमच्या तपासण्या पाहून डॉक्टरांनी ठरवले तर जरूर घ्या, मैत्रिणीच्या पेनातला डोस वाटून घेऊ नका. इंजेक्शन घेतले तरी प्रथिने आणि स्नायूंचा व्यायाम टळत नाही. उलट, खाणे एकदम घटल्यामुळे तो जास्तच लागतो.

यातले सगळे एकाच सोमवारी सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त साडेपाचचा छोटा डबा आणि तेलाच्या कॅनवरची तारीख. ते अंगवळणी पडले की चहातली साखर आणि डोंबिवली स्टेशनापासूनचे चालणे. महिन्यानंतर खुर्चीचा व्यायाम. चिवड्याचा डबा घरातून हद्दपार करायची गरज नाही, पण तो ओट्यावर न ठेवता वरच्या फळीवर, स्टुलावर चढावे लागेल अशा जागी ठेवा आणि खायचा तेव्हा वाटीत काढून, बसून खा. गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यात वजन उतरवायचा प्रयत्नही करू नका. आहे तिथे टिकले तरी पुरे.

तीन महिन्यांनी काटा आणि कंबर दोन्ही जागेवरच असतील, तर ठरलेल्या तीन दिवसांत, त्यात एक रविवार धरून, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट वहीत लिहा: चाखलेली आमटी, लोकलमधली चिक्की, मुलाने उरवलेली अर्धी चपाती, सगळे. ती वही आणि तपासण्यांचे कागद घेऊन जवळच्या आहारतज्ज्ञाला भेटा. कोणताही छापील डाएट चार्ट हातात पडण्याआधी त्यांनी ती वही वाचली पाहिजे, असा आग्रह धरा.